निवट्या आणि लिंबू

आईनं दिवाळ्याच्या बाजारातून अकरा निवट्या मोजून आणल्या.
टोपात उड्या मारत होत्या, झाकणावर वरवंटा ठेवावा लागला.
तव्यावर दहाच आल्या.

शांतवन घणसोलीहून आलाय, प्रार्थना आटोपून,
पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडून बसलाय.
मी रबाळ्याच्या लॅबमधून,
कपाळावर टोपीचा वळ अजून तसाच.

पहिल्या घासाआधीच तो म्हणाला,
"पप्पांनी तीस वर्षं तुर्भ्याच्या खाणीत दगड फोडला.
अख्खा डोंगर खडी होऊन रस्त्याखाली गेला.
एक हाड सापडलं? एक शेपूट?
कुठंय तुझा अर्धामुर्धा प्राणी, सुवार्ता?"

दादा, तो डोंगर लाव्ह्याचा.
आगीत कोण आपला पत्ता ठेवून जातं?
तिकडे वरळीला, आगीनं दम खाल्ला तेवढ्यात
तळं साचलं होतं. त्याच्या गाळात बेडूक सापडले,
दगड झालेले, बोटाच्या पेराएवढे.

"म्हणजे तेव्हाही बेडूक. आणि आजही बेडूकच."
हे त्यानं बरोबर पकडलं.

मी ताटातली निवटी उचलली.
ओहोटीला ही गाळावर चालते,
कल्ल्यात पाणी भरून, डोळे डोक्यावर घेऊन.
आपली आजी नव्हे ही, फार लांबची चुलत.
पण मासा चालतो, एवढं तरी मान.
"देवानं चालणारा मासा केला," म्हणाला,
आणि दातातला काटा काढला.

आईनं लिंबाची फोड पुढे केली.

हे आपल्याला का लागतं, सांग.
खाली मटणवाल्याच्या दारात बांधलेला बोकड
क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवतो.
मोरीतला उंदीरसुद्धा बनवतो.
कृती आपल्याकडेही लिहिलेली आहे,
पण फाटकी, मधली पानं गेलेली.
माकडाची वही उघडली तर तिथंही तीच कृती बिघडलेली.
तू रविवारच्या शाळेत पेपर तपासतोस.
दोघांचं उत्तर बरोबर आलं तर अभ्यास म्हणशील.
दोघांची चूक एकच, त्याच ओळीत, त्याच अक्षरावर,
तर काय म्हणशील?

तो गप्प झाला. फार वेळ नाही.
"ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या जातीत घडवलंय.
जात बदलत नाही."

जात.
आईचा उलथना तव्यावरच थांबला.
हेच वाक्य ऐकत पप्पा वाढले, जालन्याकडे,
आणि हेच वाक्य मागं टाकून
रात्रीच्या एसटीनं निघाले होते.
शांतवनचे कान लाल झाले,
पप्पांचे व्हायचे तसे, आधी डावा.

मग हळू म्हणाला,
"आणि गावात माकड कोणाला म्हणायचे, विसरलीस?
तुला देवानं आपल्या रूपात घडवलंय, असं
कोणीतरी सांगितलं, तेव्हा पप्पांची पाठ ताठ झाली.
ते सोडू? वहीतल्या एका चुकीसाठी?"

लॅबमध्ये पाठीच्या प्रत्येक मणक्याला नाव आहे.
ताठ होण्याला नाही.
मी भाताचा गोळा करत राहिले.

"खा रे, गार होतंय," आई म्हणाली.
त्यानं माझ्या ताटात लिंबू पिळलं,
बिया करंगळीनं अडवत.
मीही असंच पिळते.
शिकवलेलं कोणाचं आठवत नाही.

हात धुवायला गेले तर मोरीच्या उंबऱ्यापाशी
अकरावी.
कोरड्या लादीवर,
पुढच्या दोन परांवर जोर देत होती.