तेरा सह्या

वकील म्हणाला, तेरा.
आम्ही भावंडं सात, मग तेरा कशा?
चष्मा पुसत तो म्हणाला, बाय,
लग्न झालेल्याची सही एकटी येत नाही.
पोर्तुगीज गेले, कायदा ठेवून गेले:
नवऱ्याचं अर्धं बायकोचं, बायकोचं अर्धं नवऱ्याचं.
तुझी तेवढी एकच.

एकच. बरं.

मागल्या चवथीला गणपती तळीत पोचवून आल्यावर
ओल्या कपड्यांनीच ठरलं होतं,
सावईचं कुळागर विकायचं.
दोनशे चाळीस पोफळी, अननसाचे दोन वाफे,
आणि मंगळवारी रात्रीची पाटाच्या पाण्याची पाळी,
जिच्यासाठी बाबा तापातही उठून बसायचे.
"कागद तू फिरव," गुरुदास म्हणाला,
"तुला काय, शाळेत पोरं नऊ."
नऊच होती. जूनमध्ये सात झाली.

गुरुदासाने सही केली ट्रकच्या बॉनेटवर.
खाणी बंद झाल्यापासून ट्रक तिथंच,
मागच्या हौद्यात माती भरून वैनीने मिरच्या लावल्यात.
"चालतो अजून," तो म्हणाला.
मी विचारलं नव्हतं.

बाबांनी मुलग्यांना कुणाचं ना कुणाचं दास करून ठेवलं,
गुरूचा, मोहनाचा, देवीचा.
रोहिदास कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही.
तो आता स्विंडनला, रात्रपाळीत खोकी उचलतो.
नव्या पासपोर्टावर रोईदाश झालाय,
त्या एका अक्षरापायी
कार्तिकापासून माघापर्यंत कागद तिकडेच अडला.
फोनवर म्हणाला, इथं बर्फ नाही गो, नुसता चिखल.

प्रमदाच्या नवऱ्याने एकोणीसच्या एकोणीस पानं वाचली,
दोन ठिकाणी वेलांटी दुरुस्त केली.

मोहनदासाची बोट मुरगावला एका दिवसापुरती लागली.
पांढरा गणवेश, छातीवर नावाची पट्टी.
सही करून कागद दोन्ही हातांनी पुढे धरला
आणि सवयीने मला म्हणाला, मॅडम.
मग आम्ही दोघंही कुठेतरी दुसरीकडेच पाहिलं.

देवीदास कॅसिनोत पत्ते वाटतो,
उजाडता उजाडता मांडवीवरून परत येतो.
"तिच्याकडे मी जाणार नाही."
म्हणून मडगावला मी गेले.
तिने चहा केला, चकल्या काढल्या,
बशी उचलता उचलता विचारलं,
अजून दिवा चालू ठेवूनच झोपतो का?
मला कसं ठाऊक असणार?
सही केली. पूर्ण नाव. सासरचं.

कुंदाचा नवरा दोनदा म्हणाला होता, विचार करतो.
वैशाखात तिसऱ्यांदा पेडण्याला पोचले,
तर अंगणात मंडळाच्या खुर्च्या मांडलेल्या,
आणि कुणीच बसलेलं नव्हतं.
कागद पिशवीतून काढला नाही.
कुंदाचे केस विंचरून दिले, लहानपणी ती माझे विंचरायची तसे.

वकील म्हणाला, आता त्यांचे वारस दोघं.
मुलीचं लग्न ठरत असेल तर त्याआधीच घ्या,
नाहीतर जावयाचीही लागेल.
एक माणूस उणा झाला
आणि एक सही वाढली.
चौदा.

या चवथीला माटोळी बांधताना
गुरुदासाने ट्रकातल्या मिरच्यांचा घोस आणला.
मडगावहून बसच्या कंडक्टरबरोबर एक तोरिंजन आलं,
चिठ्ठी नाही. देवीदासाने ते बराच वेळ हातात धरलं,
मग स्वतःच बांधलं, अगदी मधोमध.
कुंदा आली नाही, तिचं पहिलं वर्ष.
मुलाला पाठवलं कांगलां घेऊन.
तो स्टुलावर न चढताच वरच्या वाशापर्यंत पोचला,
आणि गाठ मारताना जीभ दातात धरली, बापासारखी.
रोहिदास फोनमध्ये, तांदळाच्या डब्याला टेकवलेला,
ओरडत होता, डावीकडं, डावीकडं, सुपारीचं शिंपुट कुठाय?

शिंपुट मीच आणायची होते.

"मावशी," कुंदाचा मुलगा म्हणाला,
"तो कागद दे, करून टाकतो."
म्हटलं, पेन नाही रे.
पेन माझ्या अंबाड्यात खोचलेलं होतं,
मास्तरणीचं असतं तिथंच. त्याने पाहिलंही असेल.

मंगळवार होता.
कोयती आणि बॅटरी घेऊन निघाले,
पाणी आपल्या बाजूला वळवायचं होतं.
मागे रोहिदास विचारत राहिला,
कुठं गेली गो ती?