वाकडं अंगण

चॅपलच्या मागच्या खोलीत, चहाच्या मोठ्या किटलीपाशी
गेथिन उठून उभा राहिला. वय एकोणीस,
नडगीवर पेडलने काढलेली नक्षी.
म्हणाला, "या डोंगरात आता दम नाही.
माथ्यापासून फाटकापर्यंत चार मिनिटं अकरा सेकंद,
आणि त्यातली दोन मिनिटं मी
रात्री काय खायचं याचा विचार करतो."

लोक हसले. तो हसला नाही.
"पाद्री होता तोवर ठीक होतं."

पाद्री म्हणजे एक शिळा.
तिसऱ्या वळणावर, वाटेवर झुकलेली.
तिच्याखालून जाताना भल्याभल्यांची मान लवायची
आणि मान लवली, की पुढच्या चाकाखाली
ओल्या पाटीच्या दगडाची पायरी,
गुडघ्याइतकी, शेवटपर्यंत न दिसणारी.
देवाचं नाव तिथे सगळेच घ्यायचे,
फार सभ्य शब्दांत नाही.
विम्याचा माणूस मोजपट्टी घेऊन आला
नि मार्चमध्ये पाद्री निवृत्त झाला.

मी काय बोलणार? पहार माझ्याच हातात होती.
अकरा वर्षं मी या वाटा खणते आहे,
निळ्या, लाल, काळ्या पाट्या मीच ठोकते,
जणू भीतीला तीनच रंग असतात.

नाचता येईना त्याला अंगण वाकडं, हे ठाऊक होतं.
नाचता येऊ लागलं
की अंगण सरळ का म्हणून भांडायचं,
हे त्या खोलीत कळलं.

मग डेलिथ बोलली. गावात टपाल वाटते.
जाड टायरांची सायकल घेतली बावन्नाव्या वर्षी,
गुडघ्याच्या डॉक्टरने नको म्हटल्यावर.
"मला लाल वाटेवर सात ठिकाणी उतरावं लागतं.
मागच्या महिन्यात नऊ होती.
गेथिन, एकदा माझ्या मागून ये ना.
फक्त पुढे जायचं नाही."

रविवारी गेलो. आभाळ खांद्यावर टेकलेलं,
नेच्यांतून पाणी ठिबकणारं,
जुन्या खाणीच्या ढिगाऱ्यांवरून ओघळून आलेला
तो जांभळट, साबणासारखा चिखल.
डेलिथ मुंगीच्या पावलांनी निघाली.
मुळापाशी थांबे, बघे, ओठांतल्या ओठांत काही मोजे, जाई.
तिच्यामागे गेथिन.
वेग काढून घेतलेला गेथिन मी प्रथमच पाहिला.
जे मूळ तो एरवी उडून ओलांडायचा
त्याच मुळावर त्याचं चाक सटकलं.
एक पाय टेकला. पुढे पुन्हा एकदा.
आणि पाचव्या वळणावर, जिथे काही म्हणजे काहीच नाही,
जिथून सहा वर्षांची पोरं गाणी म्हणत जातात,
तिथे तो अगदी सावकाश,
पूर्ण विचारांती,
काटेरी झुडपात आडवा झाला.

डेलिथने मागे वळून पाहिलं नाही.
पाहिलं असतं तर तीही पडली असती.

मला वाटलं, आता म्हणेल, चुकलो, पुरे आहे हा डोंगर.
तसलं काही नाही. कोपरातले काटे उपटत म्हणाला,
"तरी पाद्री हवाच."
"हवाच!" डेलिथ खालून ओरडली,
"मी त्याच्याखालून अजून एकदाही गेले नाहीये!"

आज सकाळी इदवाल ट्रॅक्टर घेऊन आला.
चाळीस वर्षं त्याने हा डोंगर सोलून
छपरांना कौलं दिली, शाळांना पाट्या दिल्या.
शिळेवर बोटाने टकटक केलं, कान लावला,
"ही टिकेल," म्हणाला, "तुमचं सांगता येत नाही."

जुनी वाट तशीच राहील, डावीकडे नवा फाटा निघेल.
पायरी किती उंच, यावरून दुपारपासून भांडण आहे,
डेलिथचीच सगळ्यांत उंच.
विम्याला काय सांगायचं ते बघू.
रंग कोणता, विचारू नका.
ती पाटी माझ्या गाडीत उताणी पडली आहे,
कोरी.