पुरेसा

लंडन. त्रेचाळीसचा ऑक्टोबर.
तळघराला खिडकी नव्हती, भिंतीवर घड्याळं दोन:
एक इथलं, एक तिकडचं.
माझी पाळी इथल्या दुपारची,
म्हणजे तिकडे दिवेलागण होऊन
पानं मांडायची वेळ.

कागद वरच्या मजल्यावरून यायचा, गुलाबी.
कोपऱ्यात खात्याचा शिक्का, समासात ऑल्डरिजची पेन्सिल.
ऑल्डरिज भला माणूस. युद्धाआधी
चहाच्या जाहिराती लिहायचा.
स्वतःच्या रेशनमधली साखर माझ्या कपात ढवळायचा
आणि म्हणायचा, खोटं नाही लिहायचं, धामापूरकर,
खरं कुठे थांबवायचं, तेवढं बघायचं.

मी बघत होतो.
माघार हा शब्द चालणार नव्हता.
दोन दिवस कोश चाळून मी काढला: मोर्चेबदल.
वर सगळ्यांना आवडला.
मराठी एकालाही येत नव्हती,
तरी आवडला.

शाळेत घोकलं होतं, ध चा मा.
एक अक्षर, एक खून, आणि शनिवारवाड्यात रात्रभर किंकाळी.
इथे अक्षराला कुणी हात लावत नव्हतं.
ध जागच्या जागी असायचा,
त्याच्याभोवती इतक्या कुंड्या मांडायच्या
की दिसू नये.

त्या दिवशीच्या कागदावर
दुष्काळ या शब्दावर आडवी रेघ होती.
वर बारीक अक्षरात:
बंगालच्या काही जिल्ह्यांत तात्पुरती टंचाई.
मुंबई इलाख्यात साठा पुरेसा.

कुणाला पुरेसा? मी विचारलं.
विशेषण आहे ते, ऑल्डरिज म्हणाला,
विशेषणाला पत्ता नसतो.
लाल दिवा लागला.
मी वाचलं अण्णांच्या आवाजात, सावकाश,
पोथी सांगावी तसं, वाक्याच्या शेवटी जरा टेकून.
त्याच आवाजाचा मला पगार होता
हे फार उशिरा लक्षात आलं.

संध्याकाळी घरमालकीण मिसेस थ्रॉसेल
कात्रीनं पेपर कापत बसायची.
तिचा धाकटा सिंगापुरात कैदेत.
पेपर म्हणे कैदी सुखरूप आहेत, व्हॉलीबॉल खेळतात.
ते कात्रण तिच्या उशीखाली असायचं.
आमच्या मजल्यावर वेगळी फाईल होती, कुलपात.
मी तिला सूप गरम करून दिलं.
बोललो नाही काही.

फेब्रुवारीत आक्काचं पत्र आलं मालवणहून,
फोडून पुन्हा चिकटवलेलं.

'तुला पोस्टमास्तरांच्या रेडिओवर ऐकलं. सगळी वाडी जमली होती.
खोकला गेलेला दिसतो, बरं वाटलं.
रंगून पडल्यापासून तांदूळ नजरेला नाही.
पण तू स्वतःच्या तोंडानं सांगितलंस साठा पुरेसा आहे,
म्हणून मडक्यातले शेवटचे चार शेर
गाबिताच्या यमुनेला दिले. ओली बाळंतीण.
आपलं काय, येईलच आता.'

पुढच्या तीन ओळी काळ्या.
दिव्याकडे धरल्या, उलट्या करून पाहिल्या.
शाई चांगली होती. सरकारी.

पानिपतची बातमीसुद्धा थेट आली नव्हती,
मोत्यांच्या आणि मोहरांच्या हिशेबात आली होती.
पण ती ज्यांची होती त्यांना कळली,
घरोघर चुली विझल्या.
माझ्या वाक्यात मोती कुठे होते?
कर्ता, विशेषण, शून्य.

दुसऱ्या दिवशी कागदावर पुन्हा तोच शब्द.
मी त्याच्या अलीकडे खोकलो. ठरवून.
मग जरा थांबून, पुन्हा.
वाटलं, सगळ्या वाडीत एक माणूस आहे
ज्याला माझा खोटा खोकला लहानपणापासून ओळखता येतो,
शाळा बुडवायचो तेव्हापासून.
ऑल्डरिजनं पाण्याचा ग्लास सरकवला.

एप्रिलच्या पत्रात आक्काची एकच ओळ शाबूत होती:
खोकला परत आला वाटतं. सुंठ मधातून घे.