ळ

शहापुरात आप्पांच्या छापखान्यात दोन पेट्या,
डावीकडे मराठी खिळे, उजवीकडे कानडी.
लग्नसराईत ळ पुरायचे नाहीत;
स्थळ, वेळ, मंडळी, जिथं तिथं तोच लागायचा.
मग एक पत्रिका छापून सोडायची
आणि तेच ळ पुसून
दुसऱ्या घरच्या लग्नाला.

खिळे शेवटी किलोवर गेले.
अनगोळचा भंगारवाला म्हणाला,
कानडी काय, मराठी काय, शिसं एकाच भावानं.

आता नंदगडच्या सुबराव गुरुजींचं
भाताच्या वाणांवरचं पुस्तक मी मोबाइलवर चढवते आहे.
छापल्या होत्या तीनशे प्रती,
निम्म्या त्यांच्या खाटेखाली वाळवीनं वाचल्या.
जुना फाँट नव्यात ओतला
तर प्रत्येक ळ च्या जागी रिकामा चौकोन.
तांदू□.
बे□गाव.
वाळवी इथवर आली म्हणायची.

रात्रभर एकेक बसवत गेले, चारशे सोळा.
इथं ते संपत नाहीत.
आप्पांना हे सांगायचं राहिलं.

सकाळी गुरुजींना कळवलं,
मस्कतमध्ये कुणीतरी पुस्तक उतरवून घेतलंय.
ते जरा वेळ गप्प.
“कोण गं? नाव नाही कळत व्हय?
घरी येऊन प्रत नेणारा
चहा तरी पिऊन जायचा की.”