पाईप धर

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पारा त्रेचाळीसला टेकला
तरी नववी ‘क’मधली आचल गजभिये
मनगटापर्यंत बाह्या घालून येत होती.
गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं.
मुख्याध्यापक म्हणाले, शिस्तीची मुलगी.

मी शिपाई. माझ्याकडं घंटा, पाणी आणि कुलपं.
शिस्तीतलं मला फारसं कळत नाही,
पण इंदोऱ्याच्या उन्हात
कोण काय झाकून चालतं
हे झाडू मारताना दिसतं.

मी विचारलं नाही.
माझ्या बहिणीच्या पोराला आम्ही सगळ्यांनी विचारलं होतं.
मामानं, काकूनं, शेजारच्या ठवरे गुरुजींनी,
मधोमध बसवून, काहून रे, काहून रे बापा,
आणि तो दर वेळी म्हणाला, काई नाई.
‘काई नाई’ एवढं मोठं असतं
की त्यात अख्खा पोरगा मावतो,
हे आम्हाला उशिरा समजलं.

तर मी आचलला म्हटलं, पाईप धर.
स्टाफरूमचा कूलर जुना,
नळ इकडं, टाकीचं तोंड मागच्या खिडकीकडून.
एकीनं नळाशी राहायचं, एकीनं पाईप धरून
भरलं की ओरडायचं, बास.
दोन माणसांचं काम आहे, मी म्हटलं.
तीन वर्षं मी ते एकटीच करत होते.

मग रोज मधल्या सुट्टीत ती यायला लागली.
ओल्या ताट्यांचा वास, सात-आठ मिनिटं,
आणि माझी भिंतीपलीकडून बडबड:
कांदा कितीला, माझा गुडघा,
कडबी चौकात सिग्नलवर बांधलेली हिरवी जाळी,
दोन मिनिटं थांबणाऱ्यांनाही सावली पाहिजे म्हणून.
ती म्हणायची, बास.
काही दिवसांनी, बास मावशी.

एक दिवस बास आलंच नाही.
पाणी टाकीवरून वाहत माझ्या चपलांपर्यंत.
मागं गेले तर ती तशीच उभी,
बाही भिजून हाताला चिकटलेली,
कापडाखाली रेघा.

हजार काहून तोंडात आले.
गिळले.
नळ बंद केला, परत आले, म्हटलं,
दुखते का?
‘हे नाई,’ ती म्हणाली. ‘बाकीचं.’

समुपदेशक विशाखा मॅडम गुरुवारी येतात,
चार शाळांत मिळून एक.
कारण लिहायला त्यांच्या फॉर्मवर दीड इंच जागा.
गुरुवारपर्यंत थांबायचं नाही, एवढं मला माहीत होतं.
फोन केला. त्या दुपारीच आल्या,
फॉर्म पालथा ठेवला,
आणि माझ्याआधी तिला विचारलं,
मावशी बसल्या तर चालेल?
मी बसले.
काय बोलणं झालं ते सांगणार नाही. ते तिचं आहे.

आईला सांगताना मॅडमचाही आवाज अडकला.
जरीपटक्यात चार घरचे स्वयंपाक करून आलेली बाई,
हाताला अजून कणीक.
म्हणाली, आमचं काय चुकलं?
कोणी उत्तर दिलं नाही.
पदरानं कपाळ पुसलं, मग विचारलं,
मेयोला कोणती बस जाते?

मेयोत ही रांग. भिंतीला टेकून आम्ही तिघी.
डॉक्टर कोवळा,
बहिणीचा पोरगा आज असता तर एवढाच.
तो आधी तिच्याशी बोलला, मग आमच्याशी.
म्हणाला, वेळ लागेल. रागावू नका. एकटं सोडू नका.
आणि तिला म्हणाला, रात्री जड झालं
तर कोणाला उठवशील?
तिनं आईकडं पाहिलं.
आई म्हणाली, मले उठव न वो.
रोज उठव.

शाळेत आता कोणी शिस्तीची म्हणत नाही,
नुसतं आचल म्हणतात.
गणितात ती नापास झाली, तेही ठीक आहे.
सोमवारी बाही एक घडी वर होती.
मंगळवारी परत मनगटापर्यंत.
मी दोन्ही दिवशी तेवढ्याच आवाजात म्हटलं,
ये, पाईप धर.