तासिका तत्त्वावर

हिलालमामा घंटा देतो, मी वर्गात जातो.
अठ्ठेचाळीस मिनिटांनी तो परत घंटा देतो,
तिथं माझे पैसे थांबतात.
दोन टोल्यांच्या मधे जेवढा असतो
तेवढाच मी चोपड्याच्या ह्या कॉलेजला ठाऊक.

मामा परमनंट. सातवी नापास,
जिनिंगमधून रुई झटकत आला होता,
तेव्हा कुणी काही मागितलं नव्हतं.
माझ्या वेळी अध्यक्षांनी फाईल चाळली,
सेट, पीएच.डी., पदकाची झेरॉक्स,
चहा सांगितला.
आकडा नाही सांगितला,
नुसता कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला.

त्यांचा नातू माझ्याच वर्गात, शेवटच्या बाकावर,
मोबाईलवर केळीच्या गाड्या मोजत.
युनिट तीन: सामाजिक गतिशीलता.
तो अदबीनं विचारतो,
सर, हे परीक्षेला येतं का?
दर वर्षी येतं, मी म्हणतो.

मे महिन्यात घंटा नाही.
मी सावद्याला वजनकाट्यावर पावत्या फाडतो,
पावतीवर 'डॉ.' लिहायला जागा नसते.

मामाच्या स्टुलाला पांढरा नंबर आहे, डेड स्टॉक ४१७.
स्टाफरूमच्या खुर्च्यांनाही आहेत.
मी बसतो ती प्लास्टिकची,
कुठल्याशा लग्नातून राहून गेलेली.

कॉलेजात मामा मला पाहून उठतो, 'सर' म्हणतो.
घरी मी त्याच्या पाया पडतो
तर हळूच कानाशी:
"घंटा दोन मिन्टं उशिरा देऊ का रे?
तुले काही वाढीसन भेटी का?"