हत्ता

रविवारी मार्केट यार्ड बंद असतं,
म्हणून तिला तिथंच बोलावलं.
गंजगोलाईत ओळखीचे फार भेटतात
आणि प्रत्येकाला माझ्या पॅकेजचा आकडा हवा असतो.

आफरीन निलंग्याहून एस्टीनं आली.
पिशवीत प्रवेशाचं पत्र, बँकेचा कोरा फॉर्म,
आणि डब्यात आईचे धपाटे.
"दीदी, तुम्ही तिथं शिकून आलाव.
खरं सांगा. जावं का नको?"

सात वर्षांत वीसेक जणांनी हेच विचारलं
आणि दर वेळी मी वेगळं उत्तर दिलं.
पहिल्या वर्षी म्हणायची, जाच.
तेव्हा लॅपटॉप कंपनीचा होता, विमानात खिडकी मिळायची.
मग म्हणायला लागले, बघ बाई, तुझं तू.
एकाला तर फोन न उचलून उत्तर दिलं.
तो गेला नाही.
औशाला त्याचं शेवचिवड्याचं दुकान आहे, जोरात चालतं,
लग्नाची पत्रिका मला कुरिअरनं आली.

हिला काय सांगू?
पहिल्याच दिवशी बाकावरच्या पोरानं विचारलं,
लातूर म्हणजे रेल्वेनं पाणी नेलं तेच ना?
आणि दुसऱ्या सत्रात खरंच ती रेल्वे फळ्यावर आली.
वाघिणी किती, लिटर किती, एका फेरीचा खर्च.
सर म्हणाले, पाण्याची किंमत कोण काढेल?
चौघांनी काढली, दशांशापर्यंत.
मी हात वर केला नाही.
माझा हिशोब असा होता:
आठव्या दिवशी, रात्री दोन वाजता, सहा घागरी,
त्यातली एक शेजारच्या महानंदाकाकूंची,
कारण त्यांचा गुडघा.
हे कोणत्या रकान्यात लिहायचं
ते अजून येत नाही मला.

पण नुसतं रडगाणं सांगितलं तर तेही खोटंच.
तिथल्या लायब्ररीत पहाटे तीनला दिवे असायचे
आणि खोलीवर परतताना कुणी विचारत नव्हतं,
पोरगी इतक्या रात्री कुठून आली.
तेवढ्यासाठी मी फी दुप्पट भरली असती.

आणि एक, जे कुणालाच सांगितलं नाही.
अप्पा आडतीवर हत्ता करायचे.
उपरण्याखाली हातात हात, चेहरा धुतलेल्या पाटीसारखा,
भोवती शंभर माणसं
आणि भाव फक्त दोघांना ठाऊक.
कायद्यानं ते बंद झालं. बरंच झालं,
त्यात लबाडी होती, असं अप्पाच म्हणतात.
पण समोरच्याचा अंगठा थरथरला की थांबायचं,
हे मी सातव्या वर्षी शिकले, गुळाच्या ढेपेवर बसून.
सौदेबाजीच्या तासाला मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण.
सरांनी विचारलं, कुठं शिकलीस हे?
मी म्हणाले,
पुस्तकात.

बँकेचे हप्ते मी चार वर्षांत फेडले.
ते एक खोटं अजून फिटत नाही.

आफरीन गप्प बसून ऐकत होती.
मग म्हणाली, "आमचे अब्बा हमाल हाईत. मला पण येतंय की हत्ता.
लहानपणी खेळायचो आमी."

मी तिच्या ओढणीचं टोक दोघींच्या हातांवर ओढलं.
तिची बोटं धरली.
किती, ते सांगायचं नसतं.
तिनं माझ्याकडं पाहिलं, मान हलवली, नाही म्हणाली,
आणि माझीच बोटं धरून
आपला आकडा दाबला.
अंगठा थरथरला नाही तिचा.

मग डबा उघडला. धपाट्यांत तीळ होते.
समोरचा इलेक्ट्रॉनिक काटा कुणीतरी चालूच ठेवून गेलेला,
त्यावर एक कुत्रं झोपलं होतं:
अकरा किलो दोनशे ग्रॅम.
त्यानं श्वास घेतला की
शेवटचा आकडा हलायचा.